मांडीवरचे कोट

रुग्णालयाच्या धुलाईघरात सकाळी सात वाजता पहिली ढकलगाडी येते. धुऊन, सुकवून, अजून अंगात वाफ असलेल्या दोन-तीनशे चादरी तिच्यात असतात. त्यांची घडी दोघींनी मिळून घालायची. एकीने दोन टोकं धरायची, समोरचीने दोन. ताणायचं, झटकायचं, दुमडायचं, मग चार पावलं पुढे जाऊन आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची, खाली लोंबणारी कड उचलायची आणि चार पावलं मागे यायचं. मधली हे काम सतरा वर्षं करत होती. समोर उभ्या राहणाऱ्या बायका बदलत गेल्या. कुणी लग्न करून गेली, कुणी पाठ धरली म्हणून सोडून गेली. मधली तिथेच राहिली. तिची घडी इतकी सरळ पडायची, की मुकादमीण नव्या मुलींना सांगायची, "हिच्याकडे बघा आणि गप्प राहून शिका." गप्प राहण्यात तर मधलीचा हात धरणारं कुणी नव्हतंच.

मधली हे काही तिचं नाव नव्हे. तीन भावांच्या तीन बायका, थोरली, मधली आणि धाकटी, एवढाच त्याचा अर्थ. धाकटी मागे गावी राहिली. वरचे दोघे भाऊ बायकापोरं घेऊन इथे, या परक्या शहरात आले आणि चौथ्या महिन्यात मधलीचा नवरा बांधकामावर परांचीवरून पडला. जागेवरच गेला. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. थोरल्या दिराने तिला टाकलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे वाचकांनी उगीच कुणाला राक्षस ठरवायला नको. त्याने तिला घरात ठेवलं, नोकरी मिळवून दिली, पुतणीला शाळेत घातलं. तो शहरात बस चालवायचा, आणि रविवारी आपल्या लोकांचं मंडळ चालवायचा. दोन्हीकडे वेळ पाळायचा.

आता तो नियम. त्यांच्या लोकांत लग्नाकार्यात बायका गोल धरून नाचतात. त्याला नुसतं 'गोल'च म्हणतात. नवरा गेलेल्या बाईने गोलात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर गोलातल्या इतर बायकांच्या कुंकवाला धोका. गावी असताना अशी बाई निदान घरी तरी राहायची, चुलीपाशी, चार बायकांत. इथे आल्यावर मंडळाने नियमात आपल्या परीने सुधारणा केली. इथे थंडी फार, प्रत्येकीच्या अंगावर जाडजूड कोट, हातात पिशवी. नाचताना ते ठेवायचे कुठे? तेव्हा नवरा गेलेली बाई यायची, भिंतीला लावलेल्या खुर्चीत बसायची आणि सगळ्यांचे कोट मांडीवर घेऊन सांभाळायची. तेवढंच तिचं येणं होतं, असं सगळ्या प्रेमाने म्हणायच्या. आणि मधली एकोणीस वर्षं येत होती.

त्या वर्षी शहराच्या वाचनालयाने रविवार दुपारची कार्यशाळा सुरू केली. आपापली गावं सोडून आलेल्या लोकांनी आपले नाच, आपल्या चालीरीतींतल्या हालचाली दाखवायच्या, एकमेकांकडून शिकायच्या, आणि शेवटी सगळ्यांपुढे एक कार्यक्रम करायचा. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या. पन्नाशीच्या, अनवाणी चालणाऱ्या, सतत वहीत काहीतरी टिपणाऱ्या. त्यांचे आजोबाही असेच कुठूनतरी आले होते. थोरल्याला ही कार्यशाळा म्हणजे पर्वणी वाटली. त्याने मंडळाच्या अकरा बायका गोळा केल्या, त्यात आपली बायको, म्हणजे थोरली, आणि पुतणीही. पुतणीला घरात बुटकी म्हणत. लहानपणी ती वाढतच नव्हती म्हणून. नंतर जी वाढली ती घरातल्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेली, पण नाव राहिलं. एकवीस वर्षांची बुटकी दारातून वाकून यायची.

वाचनालयाच्या त्या खोलीत लाकडी जमीन होती, रंगाचे पोपडे निघालेली उंच खिडकी होती आणि दाराशेजारी भिंतीवर खुंट्यांची ओळ होती. चौदा खुंट्या. नेहमीप्रमाणे भिंतीशी खुर्चीत बसलेल्या मधलीने त्या बसल्या बसल्या मोजल्या. मग अकराच्या अकरा कोट तिच्या मांडीवर आले आणि तिला समोरचं दिसेनासं झालं.

बाईंच्या ते लक्षात आलं. "तुम्ही नाही येत गोलात?"

मधली काही बोलायच्या आत थोरली म्हणाली, "तिला नाही चालत."

"पायाला काही झालंय का?"

"पायाला काय धाड भरलीय! नवरा नाहीये तिला."

बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "माफ करा हं. तुमच्या परंपरेत ढवळाढवळ करायला मी आले नाहीये. मला तिचा आदरच आहे." आणि त्यांनी वहीत खुर्चीचं छोटं चित्र काढलं, खाली दोन ओळी लिहिल्या. वारसा म्हणून त्याचीही नोंद झाली. राग येतो तो इथे. थोरली निदान ऐकलेलं बोलत होती, बाई तर शिकलेल्या होत्या. आदर म्हटलं की विचारायचं काही उरत नाही, ही सोय शिकलेल्या माणसांनी करून घेतली आहे.

गोलाचे नऊ फेरे. तीन फेरे बायकांना बरे आले. चौथ्यात गाडी अडली. थोरली म्हणे पाय डावा, तिच्या शेजारची म्हणे उजवा. दोघी हट्टाला पेटल्या.

"डावा," कोटांच्या मागून आवाज आला. "टाच टेकवायची, मग वळायचं."

सगळ्या वळून पाहू लागल्या. थोरलीला एकदम आठवलं. गावात गोलाची जी पुढची असते, जिच्या पावलावर बाकीच्या पाऊल टाकतात, ती सोळाव्या वर्षी मधलीच होती. तिच्या मावशीने तिला नऊच्या नऊ फेरे दिले होते. थोरलीच्या स्वतःच्या लग्नात मधली पुढे होती, तेव्हा ती घरात सून म्हणून यायची होती, आणि तिच्याकडे बघूनच सासूने दुसऱ्या मुलासाठी मागणी घातली होती. हे सगळं थोरलीला माहीत होतं. फक्त एकोणीस वर्षं ते मनात आलं नव्हतं.

घरी चहाच्या वेळी थोरल्याने तोडगा काढला. "बसून सांगायला हरकत नाही. खुर्ची सोडायची नाही, पाऊल टाकायचं नाही, एवढंच. बाकी तोंडाने सांगू दे."

बुटकी कपबशी विसळत होती. "म्हणजे काका, तोंडाला नवरा लागत नाही, पायालाच लागतो?"

"बुटके, तोंड सांभाळ."

"कुणीतरी सांभाळायलाच हवं. आईला कोटांतून सवड नाहीये."

थोरलीने तोंडाला पदर लावला, कारण तिला हसू आलं होतं. मधलीला हसू आलं नाही, राग आला नाही. तिने उरलेला चहा संपवला आणि उद्याचा डबा कोणता घ्यायचा ते पाहू लागली. वाईट वाटून घ्यायचं तिने कधीतरी सोडून दिलं होतं. नक्की कधी, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याबरोबर बाकीचंही काही काही सुटून गेलं होतं.

तर मधलीने पाच रविवार खुर्चीतून गोल शिकवला. चौथा, पाचवा, सहावा. मांडीवर लोकरीचा ढीग, वरती तिचं तोंड. "डावा पुढे. टाच. आता खांदा आत. नाही, खांदा आधी, पाय मागून." चादरीची घडी समजावताना सांगावं तशा सुरात सांगायची. बायका शिकत होत्या, बाई टिपत होत्या, थोरला दारातून पाहून जात होता आणि मंडळात सांगत होता की आपल्या लोकांचं नाव होणार. आठवा फेरा बसला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि घामेजल्या अंगाने येऊन तिच्या मांडीवरून आपापले कोट उचलून नेले.

नववा राहिला.

"तो सांगता येत नाही," मधली म्हणाली.

"का?" बाईंनी विचारलं.

"त्यात गाणं नसतं. सगळ्या बाहेर तोंड करतात, डोळे मिटतात आणि उलट्या पावली आत जातात. प्रत्येकीचा हात शेजारणीच्या पाठीवर असतो. कधी थांबायचं, कधी वळायचं, ते पुढची हाताने सांगते. तिच्या हातातून दुसरीला, दुसरीतून तिसरीला. मला मावशीने असाच दिला. पाठीवर हात ठेवून."

गावी कुणाला येतो का, म्हणून बुटकीने धाकट्या काकूला फोन केला. काकू म्हणाली, अगं इथे गोल धरायला बायका उरल्यात कुठे, सगळ्या तुमच्यासारख्याच बाहेर पडल्या. लग्नात आता कर्णा लावतात. मावशी तर कधीच वारली होती. म्हणजे नववा फेरा साऱ्या जगात एकाच बाईकडे होता, आणि ती खुर्चीत बसली होती.

थोरल्याने दोन दिवस विचार केला. बस चालवता चालवता केला असणार, कारण त्या दोन दिवसांत एकदा त्याने एक थांबा चुकवला, जे कधी घडलं नव्हतं. मग त्याने निर्णय सांगितला. "सरावात एकदाच उभी राहू दे. दार लावून. पुरुष कुणी नको. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र खुर्चीवरच."

पुढच्या रविवारी दार लावलं. मधली उभी राहायची, तर मांडीवरच्या कोटांचं काय करायचं हा प्रश्न आला. ती अकरा कोट दोन्ही हातांनी कवटाळून अर्धवट उठली आणि कुणीतरी घेईल म्हणून थांबली. कुणी पुढे झालं नाही. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. ते आपण घ्यायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. शेवटी तिने ते खुर्चीवर ठेवले आणि खुर्चीत आता कोट बसले.

"हिच्या शेजारी कोण?" बाईंनी विचारलं.

बायका खाली बघू लागल्या. प्रत्येकीचा नवरा घरी होता, जिवंत होता, कुणाला दमा, कुणाला साखर. एकीने केस नीट केले. थोरली म्हणाली, "माझं काही नाही गं, पण यांचं आत्ताच छातीचं तपासून झालंय." तेव्हा एका बाजूला बुटकी उभी राहिली, तिचं लग्न व्हायचं होतं. दुसऱ्या बाजूला वही ठेवून बाई उभ्या राहिल्या. बाकीच्या त्यांच्यापुढे गोल धरून.

बुटकीने आईच्या पाठीवर हात ठेवला. पाठ कडक होती, धुलाईघरातल्या इस्त्रीच्या फळीसारखी.

"आई, सुरू कर."

मधलीने डोळे मिटले. मावशीचा चेहरा आठवला, अंगण आठवलं, मावशीच्या हातातल्या बांगड्यांचा पाठीला होणारा गार स्पर्शही आठवला. पण पायांत काही येईना. ती थांबली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मग तिचे पाय हलले. चार पावलं पुढे. हात वर गेले, काहीतरी समोर दिल्यासारखे झाले, खाली वाकले, काहीतरी उचलल्यासारखे झाले, आणि चार पावलं मागे. पुन्हा चार पुढे. हात वर.

बायकांनी डोळे उघडून ते पाहिलं आणि लगेच तसं करायला घेतलं. चार पुढे, हात वर, वाकायचं, चार मागे. फारच सुंदर दिसत होतं. बाईंचे डोळे भरून आले, त्या वहीकडे धावल्या. थोरली म्हणाली, "अगदी हाच! मला आठवतोय."

मधली थांबली. आपल्या हातांकडे बघत राहिली.

"हा नाही," ती म्हणाली. "ही चादर आहे."

कुणाला काही कळलं नाही. बुटकीला कळलं.

"धुलाईघरातली. घडी घालतो आम्ही ती. नववा येत नाहीये मला. गेला."

"असा कसा जाईल?" थोरलीचा आवाज चढला, कारण ती घाबरली होती. "नीट आठव. घाई नाही. आठव ना गं, तुझ्याशिवाय कुणाला येतो तो?"

"जाऊबाई," मधली म्हणाली. तिचा सूर जराही बदलला नाही. "एकोणीस वर्षं बस म्हणालात, बसले. आता ऊठ म्हणता. उठले. पण जी बसली होती ती नाही ना उठली."

मधलीने खुर्चीवरचे कोट उचलले, बसली आणि ते मांडीवर घेतले. ती रडली असती तर बायकांना बरं वाटलं असतं. कुणीतरी पाणी दिलं असतं, कुणी पाठीवरून हात फिरवला असता. ती नुसती बसली होती. एका कोटाचं बटण लोंबत होतं, ते तिने बोटाने आत सारलं.

कार्यक्रमाच्या दिवशी वाचनालयाने छापील कागद वाटला. त्यात लिहिलं होतं, 'गोल, फेरे एक ते आठ. नववा फेरा काळाच्या ओघात नष्ट झाला आहे.' काळाच्या ओघात! काळाच्या माथी मारलं की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. काळ बिचारा त्या खुर्चीकडे फिरकलाही नव्हता.

खोली भरली होती. थोरला पहिल्या रांगेत, कडक इस्त्री करून. बायका नटून आल्या आणि सवयीने भिंतीपाशी गेल्या, हातात कोट काढून. खुर्ची होती. मधली खुर्चीच्या बाजूला उभी होती, हात मोकळे सोडून.

पहिली बाई कोट पुढे करून थांबली. "घे ना."

"खुंट्या आहेत की," मधली म्हणाली.

तिने आजूबाजूला पाहिलं. मागून दुसरी आली, तिसरी आली. अकरा जणी अकरा कोट धरून उभ्या. थोरला उठून जवळ आला, दात आवळून म्हणाला, "आज तमाशा नको. लोक बघतायत."

"तमाशा कसला, भाऊजी? भिंतीला चौदा खुंट्या आहेत. पहिल्या दिवसापासून आहेत."

थोरल्याने भिंतीकडे पाहिलं. इतके रविवार तो त्या दारातून आत-बाहेर करत होता. चौदा खुंट्या होत्या. तो जागेवर जाऊन बसला. पहिला कोट बुटकीने टांगला. मग एकेक करत सगळ्यांनी टांगले. थोरलीचा हात पोहोचेना, तिने टाच उचलून टांगला. एवढं झालं. आकाश कोसळलं नाही, कुणाचा नवरा पडला नाही.

गोल चांगला झाला. आठ फेरे बिनचूक. आठवा संपल्यावर, आधी ठरल्याप्रमाणे, नवव्याच्या जागी बायका तोंड बाहेर करून, डोळे मिटून सोळा मात्रा नुसत्या उभ्या राहिल्या. बाई खोक्यावर ताल धरून होत्या. लोकांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत आधी थोरल्याने. त्या टाळ्यांत थोरलीची नजर सरळ समोर भिंतीपाशी उभ्या असलेल्या जावेवर होती, आणि मिटायला सांगितलेले डोळे तिने मिटले नव्हते.

वाचकहो, तुमच्या-आमच्या लोकांत गोल नसेल. पण पुढच्या मंगल कार्याला जाल तेव्हा आपली पिशवी, आपलं तान्हं, आपले दागिने काढून कुणाच्या हाती ठेवता, ते एकदा बघा. ती बाई तुम्हाला काय काय विसरलेली दिसते, तेही बघा.

त्यानंतरच्या रविवारी कार्यशाळा नव्हती, पण खोली रिकामी होती आणि बाईंनी किल्ली दिली. देताना त्या म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं." मधलीने मान हलवली. हो, हवं होतं.

बुटकीने खुर्ची बाहेर नेऊन ठेवली. आईच्या शेजारी उभी राहिली. आठही फेरे तिला पाठ होते, त्यातले पाच तर आईनेच खुर्चीतून शिकवलेले. ते ती आईला परत शिकवणार होती, पहिल्यापासून.

"डावा पुढे. टाच."

मधलीने डावा पुढे टाकला. टाच उशिरा टेकली.

दार वाजलं. थोरली आत आली. आपला कोट काढून तिने खुंटीवर टांगला, या वेळी पहिल्या झटक्यात. येऊन मधलीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली आणि थोड्या वेळाने, कुणी सांगितलं नसताना, तिने जावेच्या पाठीवर हात ठेवला.

पहिला फेरा तिघींनी अर्धा केला. मग बुटकी थांबली.

"आई, काही वाटतंय का गं?"

मधलीने खरंच शोधलं, पायांत, पाठीत, छातीत.

"नाही," ती म्हणाली. "अजून काही नाही."

"थांबायचं?"

"नको. डावा पुढे म्हण."